लाल महालाचा छापा टेबलावर: सैनिक किती आणि कोणते?

कसब्यातला नवखा:
लाल महालावरील ५ एप्रिल १६६३ च्या छाप्यावर आधारित चकमक छोटे सैनिक व फासे घेऊन जेवणाच्या टेबलावर खेळण्याचा माझा व धाकट्या भावाचा विचार आहे. कुंभारवाड्यात दिवाळीच्या किल्ल्यासाठी मिळणारे मातीचे मावळे चालतील का, आणि सैनिक किती असावेत, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शनिवारचा गडी:
मातीचे मावळे देखणे असले, तरी त्यांची उंची एकसारखी नसते आणि उचलठेवीत भाल्याचे टोक हमखास तुटते. अशा खेळांत बहुधा २८ मिलिमीटर उंचीच्या मूर्ती वापरतात. १:७२ प्रमाणातील (खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या भागाएवढे) प्लास्टिकचे सैनिक थोडे लहान, पण स्वस्त पडतात. प्रत्येक सैनिक स्वतंत्रपणे हलवायचा असल्याने एका बाजूस पाच ते दहाच ठेवावेत.

फासे आणि पट्टी:
सहमत आहे, मात्र छाप्याची खरी गंमत संख्येत नसून अंधारात आहे. पहारेकऱ्यांना टेबलावरील सहा इंचांपलीकडचे दिसू नये, आणि प्रत्येक झटापटीनंतर फाशावर सहा पडल्यास सगळा महाल जागा व्हावा, असा नियम केल्यास मावळ्यांचा खेळाडू आपोआप भिंतीच्या कडेकडेने सरकू लागतो. महालात उतरलेल्या शायिस्ताखानाला ठार करणे ही विजयाची अट ठेवू नये. इतिहासात त्याचे बोटांवर निभावले, तेव्हा त्याला जखमी करून निसटणे पुरेसे मानावे. भिंती पुठ्ठ्याच्या कराव्यात, कारण स्प्रेच्या रंगाने थर्माकोल विरघळतो.

कसब्यातला नवखा:
आभारी आहे. खोल्यांना छत करावे का?

शनिवारचा गडी:
मुळीच नको, हात आत कसा घालणार?