मदत हवी आहे: मारुती ८०० चोक आत ढकलला की बंद पडते

गाडी १९९७ची, कार्बोरेटरवाली, बरीच वर्षं उभी होती. टाकीतला गंज धुतला, पेट्रोलचे रबरी पाइप आणि फिल्टर नवे घातले, कार्बोरेटर खोलून साफ केला. चोक (थंड इंजिनसाठी हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा नॉब) ओढला की इंजिन लगेच चालू होतं, पण तो आत ढकलला की आयडलिंग (रेस न देता मंद चालणं) पकडत नाही. रेस दिली तर स्वच्छ चालतं. मॅनिफोल्ड गॅस्केटमधून हवा ओढत नाही, तपासलंय. इग्निशन ऑन केल्यावर कार्बोरेटरच्या सोलेनॉइडच्या (आयडलिंगचं पेट्रोल चालू-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) वायरला १२ व्होल्ट मिळतात, तरी ‘टक्’ आवाज येत नाही. नुसता सोलेनॉइड सुटा मिळतो का? स्लो जेटमध्ये (आयडलिंगचं पेट्रोल जाणारी बारीक भोकाची नळी) तार घालायची नाहीये, भोक मोठं होतं. मग हवेच्या प्रेशरने पुरेसं साफ होईल का?

शिवाय मागच्या ब्रेकचा एक व्हील सिलिंडर पाझरतोय. दोन्ही बदलणारच आहे. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचं किटही (आतले रबरी सील) आत्ताच घालावं का?