पालक काळा का पडतो?

एकाने विचारलंय की पालक झाकण ठेवून शिजवला की काळपट होतो आणि भाजीत पाणीच पाणी होतं. दोन्हीचं मूळ एकच: वेळ जास्त, भांडं लहान.

पानं शिजताना त्यांतली आम्लं मोकळी होतात आणि हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून रंग शेवाळी होतो. झाकण ठेवलं की आम्लाची वाफ परत भाजीतच पडते. म्हणून पसरट कढई, मोठी आच, झाकण नाही. २५० ग्रॅम पालक धुऊन नीट निथळून घ्या (पाणी सुटण्याचं निम्मं कारण इथेच असतं), दोन चमचे तेलात लसूण परता, पालक दोन भागांत घाला. पानं बसली की एखाद-दोन मिनिटांत गॅस बंद. मीठ अगदी शेवटी, आणि अंदाज पानं बसल्यावरच घ्या, नाहीतर खारट ठरलेलं.

तेलाला घाबरू नका, बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीर ए जीवनसत्त्व बनवतं) शोषायला स्निग्ध पदार्थ लागतोच. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा. त्यातल्या सी जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते. पालकातलं लोह तसंही फारसं अंगी लागत नाही, त्याचा गवगवाच जास्त. सोड्याने रंग टिकतो खरा, पण पानांचा लगदा होतो आणि बी१, सी जीवनसत्त्वं जातात.

ऑक्झलेटचे (पालकात भरपूर असणाऱ्या एका क्षाराचे) मुतखडे होत असतील तर मात्र पालक भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्या. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू असणाऱ्यांनी पालकाचं प्रमाण अचानक कमी-जास्त करू नये.