कॅल्गरीचा महापौर आणि आमचा फॅमिली ग्रुप

२० ऑक्टोबर २०२५, रात्री

रश्मी (कॅल्गरी): परत एकदा हॅपी दिवाळी सगळ्यांना 🪔 इथे आत्ता सोमवार सकाळ. अभ्यंगस्नान झालं, उटणं मागच्या वर्षीचंच पुरवलं, आणि आता मतदानाच्या रांगेत उभी आहे. आज आमच्याकडे महापौर आणि नगरसेवकांची निवडणूक आहे आणि रांग पार बाहेर पार्किंगपर्यंत आलीय

बाळूकाका: नरकचतुर्दशीला मतदान! कोणता नरकासुर पाडताय मग 😄

शैलाआत्या: अगं थंडीत उभी आहेस, स्वेटर घातलायस ना. पोरं कुठेत?

रश्मी: घातलाय गं आत्या. पोरं घरी. ६ तारखेपासून अख्ख्या अल्बर्टात, म्हणजे आमच्या प्रॉव्हिन्समध्ये (राज्यच समज), टीचर्सचा संप चालू आहे, पन्नास हजारांच्या वर शिक्षक बाहेर, त्यामुळे शाळा बंद आणि प्रसाद मीटिंगमध्ये आणि ही दोघं त्याच्या डोक्यावर

बाळूकाका: जावईबापूंचं मत झालं का?

रश्मी: त्याला कुठलं मत. तो अजून पीआरवर (परमनंट रेसिडेंट) आहे, सिटिझन नसेल तर शहराच्या इलेक्शनला पण मत नाही. प्रॉपर्टी टॅक्स मात्र पूर्ण, हे तो दिवसातून एकदा तरी ऐकवतोच

चिन्मय: ताई पण कॅनडात एवढी रांग कशी काय, मला वाटलं तिकडे सगळं मोबाईलवर

रश्मी: अरे फॉर्म आहे एक. यावेळी नवीन मतदार रजिस्टर केलंय, प्रत्येकाचं नाव पत्ता तपासायचा, फॉर्मवर सही, मग मतपत्रिका. आणि मोजणी हाताने होणार. गेल्या वर्षी प्रॉव्हिन्सने कायदा केला, बिल २०, त्यात मतं मोजायच्या मशीनवर बंदीच घातली. इथल्या शहरांना नको होतं हे पण त्यांना विचारतो कोण

बाळूकाका: बघा!!! मी किती वर्षं बोंबलतोय. कॅनडाला कळलं, आपल्याला कळत नाही. कागद तो कागद

सचिन: बाबा थांबा जरा, ते इव्हीएम नव्हतं. तिकडे आधीपण कागदावरच फुली मारायचे, मशीन फक्त तो कागद स्कॅन करून मोजायचं. म्हणजे शंका आली तर कागद होताच की हातात. बंदी घातली ती मोजणाऱ्या मशीनवर

बाळूकाका: मशीन ते मशीन

सुनीताकाकू: ग्रुपवर राजकारण नको असं ठरलंय. मी चकलीचा फोटो टाकलाय तो कोणी बघितला का

शैलाआत्या: छान काटेरी झाल्यात गं 👌

नाना: मी महापालिकेत असताना मतपत्रिका मोजलेल्या आहेत. आधी सगळ्या पेट्यांतल्या उघडून पंचवीस पन्नासचे गठ्ठे करायचे मग उमेदवारवार खोक्यात टाकायच्या. शिक्का दोन चौकटींच्या मध्ये पडला की झाली भांडणं सुरू. दोन्हीकडचे काउंटिंग एजंट टेबलावर चढायचे. रात्री तीननंतर माणूस शंभराचे एकशे एक मोजतो आणि त्याला कळतही नाही. हाताने मोजणी चांगली पण मोजणारे ताजे पाहिजेत. व्हॉइस टायपिंग करत आहे चुका असतील तर सांभाळा

चिन्मय: नाना रॉक्स

रश्मी: नाना अगदी हेच सगळे म्हणतायत इथे. बरं माझा नंबर येतोय, नंतर बोलते

(तासाभराने)

रश्मी: झालं एकदाचं. महापौर, आमच्या वॉर्डाचा नगरसेवक आणि शाळा बोर्डाचा ट्रस्टी असं तिन्हींना मत द्यायचं असतं. शहराचे १४ वॉर्ड, प्रत्येकी एकच नगरसेवक

सचिन: नशीबवान आहात. आमच्या पुण्यात ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक, एकेका प्रभागात चार चार, एकात तर पाच. रस्त्यात खड्डा पडला तर चौघंही म्हणणार तो माझा भाग नाही

बाळूकाका: अरे चार तर चार, आधी निवडणूक तर होऊ दे. मार्च २०२२ ला मुदत संपली तेव्हापासून पुण्याला नगरसेवक नाही, प्रशासकच कारभार बघतो. शेवटचे महापौर मोहोळ, ते खासदार होऊन मंत्रीपण झाले, तरी आमची निवडणूक काही लागत नाही. आता सुप्रीम कोर्टाने जानेवारीअखेरची मुदत दिलीय बघू

रश्मी: म्हणजे राज्य सरकारने शहराच्या बोकांडी बसायचं हे दोन्हीकडे सेम आहे काका. इथे प्रॉव्हिन्समध्ये डॅनिएल स्मिथचं सरकार, ती इथली मुख्यमंत्रीच म्हणा. मशीन बंद केली आणि वर कॅल्गरी आणि एडमंटनमध्ये पहिल्यांदाच मतपत्रिकेवर पार्टीचं नाव छापायला परवानगी दिली. आजवर महापालिकेत पक्ष नव्हतेच, सगळे नुसते आपापल्या नावावर उभे राहायचे

चिन्मय: काय सांगतेस, पक्षच नाही? मग पक्षांतर कसं करायचे 😂

सचिन: 😂😂

शैलाआत्या: ती ज्योती आहे ना तुमची महापौर, आपली भारतीय? परत येणार का ती

रश्मी: ज्योती गोंडेक. आईवडील पंजाबी, जन्म इंग्लंडचा. २०२१ ला निवडून आली, कॅल्गरीची पहिली बाई महापौर. तिच्या आधी नाहीद नेन्शी, तोपण आपल्याकडच्या मुळांचा, ११ वर्षं होता. पण ज्योतीचं अवघड आहे आत्या. लोक चिडलेत

बाळूकाका: का? पैसे खाल्ले?

रश्मी: छे हो. एकतर प्रॉपर्टी टॅक्स, २०२४ ला साध्या घराचा ७.८ टक्क्यांनी वाढला. मग जून २०२४ मध्ये पाण्याची मेन लाईन फुटली, शहराचं अर्ध्याहून जास्त पाणी त्या एका पाईपमधून यायचं, कित्येक आठवडे बागेला पाणी घालायला बंदी आणि घरातलंही पाणी कमी वापरा म्हणून रोज मेसेज

सुनीताकाकू: आमच्याकडे दर गुरुवारी पाणी बंद असतं, आम्ही कधी महापौर बदलला का

सचिन: आई तू म्हणालीस ना राजकारण नको

सुनीताकाकू: हे राजकारण नाही हे पाणी आहे

रश्मी: 😂 काकू जिंकली. पण सगळ्यात मोठं भांडण घरांचं. मे २०२४ मध्ये कौन्सिलने ९ विरुद्ध ६ मतांनी ठरवलं की शहरात जवळजवळ कुठेही एका बंगल्याच्या जागी डुप्लेक्स किंवा रो हाऊस बांधता येईल, दरवेळी वेगळी झोनिंगची परवानगी नको. घरं महाग झालीत, लोक येतायत, जागा तर पाहिजे. त्यात फेडरल सरकार घरांसाठी बावीस कोटी डॉलरच्या वर देणार होतं. पण ज्यांचे बंगले आहेत ते खवळले, शेजारी तीन मजली उभं राहिलं तर आमचं ऊन जाईल, पार्किंग जाईल वगैरे. सातशेच्या वर लोक सुनावणीला येऊन बोलले, तीन आठवडे चाललं होतं ते

बाळूकाका: अगं मग कोथरूडला येऊन बघा म्हणावं. सगळे बंगले पाडून अकरा मजले झाले, ऊन कसलं घेऊन बसलात, आमच्या गॅलरीत दुपारी लाईट लावतो

रश्मी: माझं स्पष्ट मत आहे, तो निर्णय बरोबर होता. आम्ही भाड्याने राहत होतो तेव्हा एकेका घरामागे सहा सहा जण, ते मिळवायला काय धावपळ झाली ते मला माहितीय. मी तिलाच मत दिलं. पण आमच्या गल्लीत अंगणा अंगणात तिच्या विरोधकांच्या पाट्या आहेत

२१ ऑक्टोबर, संध्याकाळ

शैलाआत्या: लक्ष्मीपूजन झालं 🙏🪔 रश्मे निकाल काय लागला

रश्मी: आत्ता इथे सकाळ उजाडतेय. रात्री उशिरापर्यंत बसलेलो, मोजणी मुंगीच्या पावलांनी. मशीन असताना याच वेळेला निकाल पेपरात छापून आलेला असायचा. जेरोमी फार्कस आणि सोन्या शार्प अगदी खेटून चाललेत, ज्योती तिसरी

सचिन: एडमंटनचं काय

रश्मी: ते अजून मोजतायत, विचारू नको

बाळूकाका: मोजू दे. उशीर होऊ दे पण खरं मोजू दे

२२ ऑक्टोबर

रश्मी: फार्कस. ६१६ मतांनी!! साडेतीन लाखांच्या आसपास मतं पडली त्यात ६१६. दोघांनाही साधारण २६ टक्के आणि ज्योतीला २० च्या आसपास. १९८० नंतर पहिल्यांदा खुर्चीवर बसलेला महापौर पडला इथे. आणि एवढ्या गोंधळात मतदान चाळीस टक्क्यांच्याही खाली

चिन्मय: २६ टक्क्यांवर महापौर 🤯

सचिन: मतं फुटली की हेच होतं, आपल्याकडे काय वेगळं असतं

नाना: सहाशे सोळाचा फरक म्हणजे फेरमोजणी होणार

रश्मी: हो नाना, अर्ध्या टक्क्याच्या आत फरक असेल तर मागता येते, शार्पबाई मागतायत

बाळूकाका: हा फार्कस कोण माणूस आहे?

रश्मी: गंमतशीर आहे. आधी नगरसेवक होता, एकदम कडक, कौन्सिलमध्ये सगळ्यांशी भांडणारा. २०२१ ला ज्योतीकडून सडकून हरला. मग काय केलं तर पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल म्हणून आहे, मेक्सिकोच्या बॉर्डरपासून कॅनडाच्या बॉर्डरपर्यंत, चार हजार किलोमीटरच्या वर, ते चालून आला आणि मुलांच्या एका संस्थेसाठी पैसे गोळा केले. परत आला तो जरा मवाळ होऊन. यावेळी पार्टी न घेता अपक्ष उभा राहिला

बाळूकाका: पदयात्रा काढली म्हण की 😄 ते सगळीकडे चालतं

रश्मी: आणि बघा, नव्या पार्ट्यांचा एवढा गाजावाजा, पण शार्प पार्टीच्या चिठ्ठीवर उभी आणि ती हरली, अपक्ष आला. सहाशे मतांचा फरक, म्हणजे पार्टीने बुडवलं की तारलं हे दोन्ही बाजूंनी सांगता येईल. मला विचाराल तर पार्टीचं नाव बघून काही लोक बिचकलेच

सुनीताकाकू: पाडव्याच्या शुभेच्छा 🙏 अनारसे फसले आहेत कोणी विचारू नये

पुढच्या आठवड्यात

सचिन: रश्मी, रिकाऊंटचं काय झालं गं?

रश्मी: झाला. फरक थोडासा हलला पण फार्कसच. शपथविधी पण होतोय

बाळूकाका: बघा, मशीन नाही, फेरमोजणी झाली, कोणी रडलं नाही. विश्वास याला म्हणतात

रश्मी: काका तुम्हाला नाउमेद करायचं नाही पण विश्वास कुठला, लोक वैतागलेत. २०२१ ला मशीनवर मोजली तेव्हा ज्योती आणि फार्कसमध्ये एवढा मोठा फरक होता, तेव्हा कोणी निकालावर हूं का चूं केलं नव्हतं. जी गोष्ट चालू होती ती मोडली आणि वर रांगा, फॉर्म, जादा माणसं, त्यांचे पगार, ते सगळं आमच्याच टॅक्समधून. माझ्या पुढे एक म्हातारी बाई होती, काठी घेऊन, फॉर्म बघून ती घरी गेली परत. तिचं मत कुठल्या मोजणीत आलं सांगा

नाना: हा मुद्दा बरोबर आहे

बाळूकाका: नाना तुम्ही पण?

नाना: मी टेबलावर बसलेलो माणूस आहे बाळू. कागद असावा. मोजायला मशीन असलं तरी चालेल. कागद मागता आला पाहिजे एवढंच

(बाळूकाकांनी मेसेज डिलीट केला)

चिन्मय: काय डिलीट केलंत काका 👀

बाळूकाका: काही नाही. चुकून पुतण्याच्या बायकोच्या ग्रुपचं इकडे आलं. रश्मी मला एवढं सांग, आता हा नवा महापौर ते बंगल्यांचं रद्द करणार का मग? अख्ख्या शहराने थेट निवडलाय म्हणजे पॉवर असेलच. आपल्याकडे महापौर नगरसेवक निवडणार, त्यात अडीच वर्षं, त्यात आरक्षणाची सोडत, आणि खरी सही आयुक्तांची

रश्मी: तो रद्द करायचंच आश्वासन देऊन आलाय. पण कौन्सिलमध्ये १४ नगरसेवक आणि एक महापौर, मतं १५, त्यातलं त्याचं एक. थेट निवडून आला तरी एकच. ज्योतीला पण एकच होतं, लोकांनी राग मात्र पंधराही जणांचा तिच्यावर काढला

सचिन: म्हणजे आठ जमवायला लागणार

रश्मी: आठ, आणि त्याआधी परत जाहीर सुनावणी, कायद्यानेच लागते. मी नाव देणार आहे यावेळी बोलायला

शैलाआत्या: दे दे. आणि प्रसादला पण घेऊन जा, मत नाही तर निदान बोलून येऊ दे त्याला