मायलोपेरॉक्सिडेज: एलायझाचा आकडा कितपत मानायचा?

नळीवाला: सरळ मुद्द्यावर येतो. दाह मोजायचा म्हणून शरीरद्रवांत मायलोपेरॉक्सिडेज, पुढे नुसतं एमपीओ म्हणतो, एलायझाने (अँटिबॉडीने रेणू पकडून रंगावरून मोजायची चाचणी) मोजतात, ते मला पटत नाही. न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींतलं हे एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइड आणि क्लोराइड घेऊन हायपोक्लोरस आम्ल बनवतं. जंतू त्यानेच मरतात आणि आपल्या ऊती त्यानेच भाजतात. म्हणजे महत्त्व आहे ते त्याच्या कामाला. एलायझा मात्र डोकी मोजतो. अँटिबॉडीला आकार ओळखीचा वाटला की झालं, रेणू जिवंत आहे की मेलेला याच्याशी तिला देणंघेणं नाही. शिवाय रक्तात सेरुलोप्लाझ्मिन नावाचं प्रथिन एमपीओला धरून निष्क्रिय करतं. तो अडकलेला एमपीओही आकड्यात येऊ शकतो. तेव्हा एलायझा सोडा, थेट क्रिया मोजा.

निळा_पिवळा: असहमत, आणि जरा जोरात. क्रिया मोजाल, पण कोणाची? लाळेत तिचं स्वतःचं पेरॉक्सिडेज, म्हणजे एमपीओच्याच जातीचं एन्झाइम, असतं. दम्याच्या रुग्णाच्या थुंकीत इओसिनोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींचं असतं. नमुना थोडा लाल झाला असेल तर हिमोग्लोबिनही पेरॉक्सिडेजची नक्कल करतं, रक्ताचा डाग ओळखायच्या जुन्या चाचण्या याच खोडीवर चालतात. टीएमबी हे रसायन पेरॉक्सिडेज भेटलं की निळं होतं, पण निळं कोणी केलं हे ते सांगत नाही. एवढ्या गर्दीतून एमपीओ वेगळा काढायला अँटिबॉडीच लागते.

शंकासुर: भाबडा प्रश्न. एलायझात शेवटी रंग आणतं ते शोधक अँटिबॉडीला जोडलेलं हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज (एचआरपी). मग प्लेटच्या विहिरीत, म्हणजे छोट्या खड्ड्यात, पकडलेला एमपीओ स्वतःच टीएमबीला रंग देत नसेल का?

निळा_पिवळा: भाबडा कसला, नेमका आहे. देऊ शकतो. नमुना भरपूर पातळ करतात म्हणून सहसा जाणवत नाही. खात्रीसाठी दोन-चार विहिरींत शोधक अँटिबॉडी आणि एचआरपी न घालता नुसता नमुना आणि टीएमबी ठेवा. तिथे रंग आला तर तो एमपीओचा, नाहीतर चिकटून राहिलेल्या दुसऱ्या कोणाचा तरी. उलटी फजितीही मी केली आहे. धुण्याच्या बफरमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून कोणीतरी सोडियम अझाइड घालून ठेवलं होतं. अझाइडने एचआरपी बंद पडतं. टीएमबी घातलं, वाट पाहिली, एकही विहीर निळी होईना. शेवटी आम्ल घालूनही पिवळ्याचा पत्ता नाही. दिवसभराचं काम मोरीत.

दुसरी_पाळी: तुम्ही दोघे मशीनपाशी भांडताय, घोटाळा त्याआधीच झालेला असतो. एकाच वेळी काढलेलं रक्त साध्या नळीत आणि ईडीटीएच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या, नळीत घ्या. साध्या नळीत रक्त गोठताना न्यूट्रोफिल एमपीओ सोडत राहतात, म्हणून सीरमचा, म्हणजे गोठल्यावर उरलेल्या द्रवाचा, आकडा फुगतो. ईडीटीएची नळीसुद्धा सेंट्रिफ्यूजविना पडून राहिली की तेच. रुग्णाला हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) दिलं असेल तर रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटलेला एमपीओ सुटून प्लाझ्मात येतो. तेव्हा दाह वाढला की इंजेक्शन दिलं, आकड्यावरून कळत नाही. किती वाजता काढलं आणि किती वाजता फिरवलं हे न लिहिता आलेला नमुना मी तरी परत पाठवते.

ओपीडीतून: 2003 साली छातीत दुखतंय म्हणून आलेल्या 604 रुग्णांत एमपीओ मोजला होता. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण, सुरुवातीला निगेटिव्ह असलेल्यांतही पुढचा धोका त्याने दाखवला. तेव्हा आम्ही खूश झालो होतो. रोजच्या कामात मात्र ट्रोपोनिनच टिकलं. एमपीओ सांगतो की न्यूट्रोफिल चवताळले आहेत. कुठे आणि का, ते सांगत नाही. हृदयाचं काही नसलं तरी न्यूमोनियातही तो वाढतो. मला विचाराल तर रक्तापेक्षा सांध्यातलं पाणी किंवा फुफ्फुसाभोवतालचं पाणी यात त्याला जास्त अर्थ, जागा तरी ठाऊक असते.

नळीवाला: लाळ-थुंकीबद्दलचा मुद्दा मान्य, तिथे नुसती क्रिया मोजून भागणार नाही. मेलेल्या रेणूंबद्दलचा माझा आक्षेप मात्र कायम.

निळा_पिवळा: त्यावर तोडगा आहे, सीफेड. बेल्जियममधल्या लिएजच्या संशोधकांनी आधी घोड्यांसाठी ही पद्धत बसवली. अँटिबॉडीने एमपीओ पकडायचा, बाकी सगळं धुऊन टाकायचं आणि मग पकडलेल्याची क्रिया मोजायची. सेरुलोप्लाझ्मिनसारखे रोधकही बरेचसे धुऊन जातात.

नळीवाला: म्हणजे शरीरात जो दबलेला होता, तोच प्लेटवर मोकळा होऊन काम करताना दिसणार! हे मला अजून बोचतंय.

शंकासुर: आणि थुंकी पातळ करायला डीटीटी घालतात त्याचं काय? डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन ते. एमपीओचे दोन अर्धे अशाच एका बंधाने जोडलेले असतात ना?

दुसरी_पाळी: अँटिबॉडीही तशाच बंधांवर उभ्या असतात. म्हणून स्टँडर्डमध्येही (तुलनेसाठीचा, प्रमाण ठाऊक असलेला नमुना) तेवढंच डीटीटी घाला. मग थुंकीत मोजून एमपीओ मिसळा आणि किती परत मिळतो ते बघा. निम्माच मिळाला तर त्या किटवर थुंकी चालवू नका, खोक्यावर काहीही छापलेलं असो.