दारूची प्रश्नावली : दहा उत्तरांवरून उद्याचं नुकसान कळतं का?

आडमुठा
दारूच्या सवयीवर दहा प्रश्न विचारायचे, गुणांची बेरीज करायची आणि माणसावर शिक्का मारायचा, हे मला पटत नाही. बोलतोय ‘ऑडिट’ (AUDIT) नावाच्या प्रश्नावलीबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांत अभ्यास करून ती तयार केली, १९८९पासून वापरात आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४, एकूण ४०. ८ किंवा जास्त आले की पिणं धोक्याचं. इथपर्यंत ठीक. पण ‘पुढे कोणाला त्रास होणार ते यातून कळतं’ असं हल्ली छातीठोकपणे सांगतात, त्याला माझा आक्षेप आहे. पहिले तीन प्रश्न पिण्याचं प्रमाण विचारतात, पुढचे तीन व्यसनाच्या खुणा, शेवटचे चार झालेलं नुकसान. सगळं कालचं आणि आजचं. उद्याचं यात काय आहे?

एकाचे गुण मोजून दाखवतो. रोज तीन पेग घेणारा माणूस, एका बैठकीत सहापर्यंत कधीच जात नाही, भांडण नाही, पडझड नाही. रोज पितो म्हणून ४, तीन-चार पेगचा १, बाकी सगळीकडे शून्य. एकूण ५. पास! दुसरा वर्षातून एकदा पितो, त्यातच गाडी ठोकतो, कोणाला तरी लागतं आणि घरचे त्याला झापतात. क्वचित पिण्याचा १, इजेचे ४, घरच्यांच्या बोलण्याचे ४, एकूण ९. नापास. आता यकृत कोणाचं खराब होणार, सांगा.

दवाखान्यातली ताई
आडमुठे, उदाहरण छान निवडलंत, पण अर्धंच सांगितलंत. त्याच दहांपैकी पहिले तीन प्रश्न वेगळे काढून ‘ऑडिट-सी’ झाली, १९९८मध्ये. तिथे पुरुषाला ४ आणि बाईला ३ गुणांना घंटा वाजते. तुमचा ५वाला तिथे लगेच सापडतो. आणि गाडी ठोकणारा नापास झाला तर बिघडलं काय? ठोकली ना त्याने?

प्रश्न विचारायचे नाहीत तर मग काय करायचं, हेही सांगा. तोंड बघून ओळखायचं? तसं केलं की हात थरथरणारेच सापडतात आणि नीटनेटके कपडे घालून येणारे सुटतात. रक्ततपासणी म्हणाल, तर जीजीटी (यकृताच्या तपासणीतलं एक एन्झाइम) चरबीयुक्त यकृतातही वाढतं आणि काही औषधांनीही. शिवाय रक्तातून फार तर किती प्यायलात ते कळेल. पिऊन जिन्यावरून पडलात का, हे तुम्हालाच विचारावं लागतं.

आकडेमोडे
ताई, विचारा की. फक्त गणित लक्षात ठेवा. समजा १००० माणसांत ५० जणांना खरोखर त्रास आहे. प्रश्नावली त्यातले ८० टक्के पकडते आणि निरोग्यांपैकी ९० टक्क्यांना बरोबर सोडते. (आकडे हिशेबापुरते घेतलेत, ऑडिटचे म्हणून खपवू नका.) पकडले गेले ४० खरे आणि ९५ खोटे. म्हणजे घंटा वाजलेल्या १३५ जणांपैकी बहुतेकांना काहीच झालेलं नाही! हीच प्रश्नावली अपघात विभागात वापरली तर हिशेब बराच सुधारेल, कारण तिथे मुळात पिणारे जास्त.

दुसरं, ‘नुकसान’ हे एकच प्रकरण नाही. सिरोसिसला (यकृत कायमचं निकामी होत जाण्याला) वर्षं लागतात, अपघाताला एक रात्र पुरते. पहिल्याचं नातं सरासरी पिण्याशी, दुसऱ्याचं एका बैठकीत किती ढोसली याच्याशी. दोन्हींचं भाकीत एका बेरजेतून कसं काढणार?

दवाखान्यातली ताई
९५ खोटे म्हणून घाबरवताय, पण त्यांचं होतं काय? पाच मिनिटं बोलणं. कोणाचं पोट फाडत नाहीये. २०१८च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासतात तो) अशा थोडक्यातल्या सल्ल्यानंतर वर्षभराने आठवड्याचं पिणं सरासरी सुमारे २० ग्रॅम मद्यार्काने कमी दिसलं.

आडमुठा
२० ग्रॅम म्हणजे आठवड्याला दोन पेग. धन्य! तेही सल्ल्यामुळे की नुसतं विचारल्यामुळे? इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीत (निकाल २०१३चा) गुण सांगून नुसतं पत्रक हातात दिलेले आणि समुपदेशन केलेले यांच्यात सहा महिन्यांनी ठळक फरक आढळला नव्हता.

आणि पाच मिनिटांवर थांबतंय कुठे? कागद फाईलला लागतो. उद्या विमावाल्याने किंवा मालकाने तो मागितला तर? अहो, शेवटच्या दोन प्रश्नांत ‘हो, पण गेल्या वर्षात नाही’ याला २ गुण आहेत. पंधरा वर्षांपूर्वी सोडलेल्या माणसाच्या नावावर त्यामुळे ४ गुण कायमचे राहू शकतात.

काठावरचा
४ म्हणजे ८च्या आतच की हो. पण फाईलच्या मुद्द्याला अनुमोदन. कागद कुठे जाणार हे कळलं की लोक खोटं लिहिणारच, मीही लिहीन. त्यात ‘एक पेग’ म्हणजे किती याचा आनंद. ऑडिटच्या पुस्तिकेत १० ग्रॅम मद्यार्क, ब्रिटनचं युनिट ८चं, अमेरिकेचं प्रमाण १४चं. घरी स्वतःच्या हाताने ओतलेला तर देवच जाणे.

एक मात्र आकडेमोड्यांनी वगळलं. क्राइटमन नावाच्या संशोधकाने १९८६मध्येच मांडलं होतं की दारूच्या एकूण नुकसानीतला मोठा वाटा मध्यम पिणाऱ्यांकडून येतो, कारण ते संख्येने जास्त. प्रत्येकाचा धोका लहान, बेरीज मोठी. जास्त गुणवाल्यांनाच हुडकत बसलात तर बराचसा माल चाळणीतून खालीच जाणार.

आकडेमोडे
वगळलं नाही, तिकडेच येत होतो. त्या लोकांसाठी प्रश्नावली नको. कर वाढवा, विक्रीचे तास कमी करा. त्यासाठी कोणाचेही गुण मोजावे लागत नाहीत.

दवाखान्यातली ताई
कर वाढवाच, मी कधी नको म्हटलं? पण समोर बसलेल्याला मी कर लावू शकत नाही. भाकीत हा शब्द सोडायला मी तयार आहे, आकडा नाही. ८ ते १५ला सल्ला, १६ ते १९ला समुपदेशन आणि पुन्हा तपासणी, २० किंवा जास्त आले तर तज्ज्ञाकडे. या शेवटच्या टप्प्यासाठी तर मी भांडेन. अशी माणसं घरच्यांच्या सांगण्यावरून ‘उद्यापासून थेंबही नाही’ म्हणतात आणि दोन-तीन दिवसांत झटके येऊन किंवा भ्रम होऊन दाखल होतात. शरीराला रोजची सवय असेल तर एकदम तोडणं जिवावर बेतू शकतं. औषध देऊन, देखरेखीखाली सोडवावी लागते. फाईलवर हवं तर कुलूप लावा, आडमुठे. पण २० किंवा जास्त गुण आलेल्याला एकट्याने सोडायला घरी पाठवू नका.