जनरल सोपी, पण रीडिंगचे मार्क बघा

वर कोणीतरी लिहिलंय की आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या अकॅडमिक आणि जनरल ट्रेनिंग या दोन प्रकारांपैकी जनरल सोपी असते, म्हणून चांगला बँड (म्हणजे परीक्षेचा स्कोअर) हवा असेल तर डोळे झाकून तीच घ्या. अर्धं पटलं. जनरलचे रीडिंगचे उतारे सोपे असतात हे खरंय, जाहिराती, नोटिसा, ऑफिसातल्या सूचना वगैरे, पण त्याची भरपाई मार्कांत करून घेतात. ४० पैकी साधारण ३० बरोबर आले तर अकॅडमिकला ७ बँड मिळतो आणि जनरलला तेवढ्याच उत्तरांना ६! म्हणजे जनरलला चुका करायला जागाच कमी. लिसनिंग आणि स्पीकिंग दोन्हीकडे सारखंच, रायटिंगमध्ये पहिला टास्क तेवढा वेगळा, अकॅडमिकला आलेख नाहीतर तक्त्याचं वर्णन आणि जनरलला पत्र.

आणि खरं तर सोपी कुठली हा प्रश्नच नंतरचा, आधी ज्यांना स्कोअर द्यायचाय त्यांना कुठली चालते ते बघा. माझ्या एका मैत्रिणीने युनिव्हर्सिटीसाठी अकॅडमिक दिली होती, सगळीकडे ७ च्या वर, मग बेत बदलला आणि कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीला (तिथे कायमचं राहण्याच्या परवानगीसाठी, म्हणजे पीआरसाठी) अर्ज करायचं ठरलं, तर तिथे आयल्ट्सची जनरलच लागते, अकॅडमिकचा स्कोअर कितीही चांगला असला तरी घेत नाहीत. पुन्हा फी, पुन्हा तयारी, आणि बिचारीचे दोन महिने गेले. तेव्हा शिक्षण आणि पीआर दोन्ही डोक्यात असेल तर आधी कुठला अर्ज जाणार हे नक्की करा आणि मगच बुकिंग करा, कारण स्कोअर दोनच वर्षं चालतो.