बडोद्यात समुद्री मासळी ताजी कशी ठेवावी, आणि पैसे नेमके कुठे वाया जातात?

हर्णैची_लेक (प्रश्नकर्ती)

नमस्कार. माझे माहेर हर्णै बंदरापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यामुळे मासळी टिकवायची असते ही कल्पनाच लग्नापर्यंत मला नव्हती. संध्याकाळी लिलाव झाला की रात्री कालवण होत असे, आणि उरलेच तर दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर संपत असे. दीड वर्षापूर्वी यजमानांच्या बदलीमुळे आम्ही बडोद्याला, मांजलपूर भागात राहायला आलो आणि सगळे गणितच उलटे झाले.

बाजार लांब असल्यामुळे दर रविवारी मी आठवड्याची मासळी एकदम आणते. गेल्या रविवारी एक किलो पापलेट आणि एक किलो कोळंबी आणली. दोन्ही कापडी पिशवीत, स्कूटरच्या पायाशी ठेवून, एप्रिलच्या उन्हात साधारण चाळीस मिनिटांचा रस्ता. त्यातली निम्मी त्याच दिवशी केली. उरलेली धुऊन, मीठ-हळद लावून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली, आणि बुधवारी डबा उघडला तेव्हा वासानेच सगळे कळले. कोळंबी टाकून दिली. पापलेट टाकायचे जिवावर आले म्हणून तळून पाहिले, पण कोणी दुसरा तुकडा घेतला नाही.

यजमान म्हणतात की गोठवलेली पाकिटे आणावीत. सासूबाईंचे मत आहे की उन्हाळ्यात बडोद्यात मासे खाऊच नयेत. मला दोन्ही पटत नाही. घरात चार माणसे आहेत आणि महिन्याचा खर्च हाताबाहेर जाऊ द्यायचा नाही. घेताना काय पाहावे, घरी कसे ठेवावे, आणि पाकीट खरोखर स्वस्त पडते का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. शेजारी सगळे शाकाहारी असल्यामुळे वासाची आणि कचऱ्याचीही काळजी असते, तीही ओघाने मांडते.

राजमहाल_रोडच्या_काकू

ताई, मी चाळीस वर्षांपूर्वी अलिबागहून इथे आले. तुम्ही केलेली प्रत्येक चूक मी केली आहे, म्हणून अधिकाराने लिहिते.

पहिली गोष्ट अशी की हर्णैचा 'ताजा' आणि बडोद्याचा 'ताजा' हे दोन वेगळे शब्द आहेत. वेरावळसारख्या बंदरांतून निघणाऱ्या मोठ्या बोटी कित्येक दिवस समुद्रातच असतात, त्यानंतर मासळी उतरते, आणि मग ट्रकने आपल्यापर्यंत येते. त्यामुळे इथे मासा कधी पकडला हे विचारण्यात अर्थ नसतो. तो सगळा वेळ बर्फात होता की नव्हता, एवढेच पाहायचे असते. ज्याच्या पाटीत मासळी बर्फाच्या वर मांडलेली नसून बर्फात पुरलेली असते आणि खाली साचणारे पाणी वाहून जाते, त्याच्याकडे किलोमागे थोडे जास्त द्यावे लागले तरी मी देते.

डोळ्यांवर फार विसंबू नका. बर्फाला थेट चिकटून राहिलेल्या चांगल्या माशाचे डोळेही पांढुरके दिसू शकतात. त्यापेक्षा कल्ला उचलून पाहावा: तो लाल असावा, तपकिरी किंवा राखाडी नसावा, आणि त्याला आंबूस वास नसावा. बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहिला तर मासा परत ठेवावा. पापलेटाचा कल्ल्याजवळचा भाग दाबला की पांढरट पाणी यावे, लालसर-तपकिरी येऊ नये, असे आमच्याकडे पूर्वीपासून पाहतात. कोळंबीचे डोके घट्ट बसलेले असावे. उचलताच डोके लोंबू लागले तर तिचे दिवस भरलेले असतात. बोंबिलात पाणीच फार, त्यामुळे तो सर्वांत आधी बसतो. इथे ओला बोंबील केवळ त्याच दिवशी करायचा असेल तरच घ्यावा. तिसऱ्यांचा, म्हणजे शिंपल्यांचा, मोह मी केव्हाच सोडला, कारण तोंड मिटलेल्या तिसऱ्या इथे क्वचित दिसतात.

आता त्या कापडी पिशवीविषयी. तुमची मासळी बुधवारी फ्रीजमध्ये बिघडली असे तुम्हाला वाटते, पण माझ्या मते ती रविवारी स्कूटरवरच बिघडली होती. मी थर्माकोलचा छोटा डबा घेऊन जाते, त्याच्या तळाला एक भोक पाडलेले आहे, आणि मासळी घेतली की विक्रेत्याकडूनच तिच्या वजनाइतका बर्फ मागून घेते. बर्फाचे दहा-वीस रुपये वेगळे द्यावे लागले तरी घासाघीस करीत नाही. खंडेराव मार्केटातली भाजी आधी उरकावी आणि मासळी सर्वांत शेवटी घ्यावी, हा क्रमही पाळावा. मासळी घेऊन मैत्रिणीकडे चहाला जाणे मला एकदा फार महागात पडले आहे.

हिशेबी_माणूस

स्वयंपाकातले मला फारसे कळत नाही, परंतु आमच्या घरी खर्चाची वही मी लिहितो. किलोचा भाव पाहून तुलना केली की हमखास फसगत होते. ताटात येणाऱ्या मांसाचा भाव काढला पाहिजे.

समजा, डोक्यासकट कोळंबी ५०० रुपये किलो मिळाली. डोके, साल आणि दोरा काढल्यावर हाती साधारण अर्धा किलो येते, म्हणजे खरा भाव १,००० रुपये किलो झाला. दुसरीकडे सोललेल्या गोठवलेल्या कोळंबीचे ५०० ग्रॅमचे पाकीट ४५० रुपयांना आहे असे धरू. वरवर पाहता हा भाव ९०० रुपये किलो दिसतो आणि पाकीट स्वस्त वाटते. पण गोठवलेल्या कोळंबीवर बर्फाचे पातळ कवच चढवलेले असते. ते सुकण्यापासून बचाव करते, त्यामुळे त्यात गैर काही नाही, मात्र त्याचे वजन आपल्या माथी पडू नये. पाकिटात २० टक्के कवच असेल तर कोळंबी ४०० ग्रॅमच आली आणि भाव १,१२५ रुपये झाला. म्हणून निव्वळ वजन बर्फाचे कवच वगळून लिहिले आहे का, हे वाचूनच पाकीट उचलावे.

इथपर्यंत ताजी कोळंबी स्वस्त ठरते. पण आता तुमचा बुधवार हिशेबात घ्या. त्या अर्ध्या किलोतली पावपट, म्हणजे १२५ ग्रॅम, टाकावी लागली की उरलेल्या ३७५ ग्रॅमसाठी तुम्ही ५०० रुपये मोजले आणि भाव १,३३३ रुपयांवर गेला. तुम्ही तर निम्मी टाकलीत, म्हणजे तुम्हाला कोळंबी २,००० रुपये किलोने पडली. एवढ्या पैशात पापलेटही आले असते. यजमानांचे म्हणणे चूक नाही, पण ते कोळंबीमुळे नव्हे, तुमच्या टाकण्यामुळे बरोबर ठरते.

शिवाय एक सुचवतो. दर आठवड्याला समुद्री मासळीच हवी हा हट्ट का? गोड्या पाण्यातला रोहू आणि कटला इथे सहज मिळतो, पापलेटापेक्षा बराच स्वस्त असतो. चवीत फरक आहे, हे मान्य.

दर्याकाठचा

बाकी सारे ठीक आहे, पण रोहू आणि पापलेट एका वाक्यात लिहू नयेत, ही नम्र विनंती.

मीठ-हळद लावून सरळ फ्रीझरमध्ये टाकावे. माझी आई वर्षानुवर्षे असेच करीत आली आहे.

बर्फवाला

मी मत्स्यप्रक्रिया या विषयाचे शिक्षण घेतले असून सध्या बडोद्यातच नोकरी करतो. आईच्या पद्धतीला विरोध करणे अवघड असते, तरीही थोडा खुलासा करतो.

मासा मेल्यानंतर त्याच्या पोटातली पाचकद्रव्ये त्याच्याच मांसावर काम करू लागतात, आणि कल्ले, कातडी व आतडी यांवरचे जीवाणू वाढू लागतात. म्हणून घरी आल्याबरोबर पोट साफ करणे, कल्ले काढणे आणि पाठीच्या कण्यालगतची रक्ताची काळी रेघ खरवडणे, ही तीन कामे आधी करावीत. वाहत्या पाण्याखाली पटकन धुवावे; पाण्यात भिजत ठेवू नये, कारण चव पाण्यात जाते. नंतर स्वच्छ फडक्याने टिपून कोरडे करावे.

घरच्या फ्रीजचा खालचा भाग साधारण ४ अंश सेल्सिअसला असतो, आणि दार सारखे उघडल्यास त्याहूनही वर जातो. वितळत्या बर्फाचे तापमान मात्र ० अंश असते. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण माशाच्या बाबतीत याच चार अंशांत दिवस कमी-जास्त होतात. यासाठी फ्रीजमध्येसुद्धा मासा बर्फावर ठेवावा: भाजीच्या जाळीदार चाळणीत खाली बर्फ, त्यावर पिशवीत बंद केलेले तुकडे, पुन्हा वर बर्फ, आणि चाळणीखाली पाणी साचायला भांडे. अशा रीतीने चांगला मासा दोन दिवस निर्धास्त राहतो. त्याहून अधिक ठेवायचा असेल तर तो पहिल्याच दिवशी गोठवावा. दोन दिवस वाट पाहून मग फ्रीझरमध्ये टाकला तर आपण शिळेपणच गोठवतो.

आता मीठ-हळदीविषयी. तासाभरात तळायचे असेल तर ती उत्तमच. गोठवताना मात्र मीठ मांसातले पाणी ओढून काढते आणि बांगडा, सुरमई यांसारख्या तेलकट माशांची चरबी लवकर खवट करते. त्यामुळे मासा कोराच गोठवावा आणि मीठ-मसाला बाहेर काढल्यावर लावावा. एका वेळच्या जेवणाइतक्याच पुड्या कराव्यात, त्या पसरट ठेवाव्यात म्हणजे लवकर गोठतात. सावकाश गोठल्यास मांसात बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि मासा शिजताना भुसभुशीत लागतो. कोळंबी डब्यात घालून वर बुडेल इतके गार पाणी ओतून गोठवली तर ती सुकत नाही. फ्रीझर उणे १८ अंशांवर असल्यास पापलेटासारखा मासा चार-सहा महिने आणि तेलकट मासा दोन-तीन महिने टिकतो, पण पुडीवर तारीख घालायला विसरू नये. बाहेर काढताना आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा, ओट्यावर नव्हे, आणि एकदा सुटलेला मासा पुन्हा गोठवू नये.

बांगड्याविषयी वेगळा इशारा देतो. तो उन्हात राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होते. ते शिजवल्याने जात नाही, आणि खाल्ल्यावर अंगावर गांधी उठणे, तोंड लाल होणे, डोके दुखणे असे त्रास होतात. बर्फाविना आलेला बांगडा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. याउलट कोळंबीच्या डोक्यावर काळे डाग दिसले म्हणून लगेच घाबरू नये. तो रंग तिच्यातल्याच एका विकरामुळे येतो. वास आणि घट्टपणा ठीक असेल तर ती खाण्याजोगी असते, आणि अशा डागांवरून भाव मात्र जरूर पाडून मागावा.

२०१८ साली माशांत फॉर्मलिन हे टिकवण्याचे घातक रसायन मिसळल्याच्या बातम्या गाजल्या, तेव्हापासून लोक ही शंकाही विचारतात. त्यासाठी कोचीच्या केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्थेने झटपट तपासणीचा संच तयार केला आहे. घरगुती खूण एवढीच की उन्हातही ज्याला माशी शिवत नाही आणि माशाचा वासच येत नाही असा मासा मी घेत नाही.

हर्णैची_लेक

सर्वांचे मनापासून आभार. दोन रविवार सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. थर्माकोलचा डबा औषधाच्या दुकानातून मागितला, फुकट मिळाला. एक किलोऐवजी अर्धा किलो पापलेट आणि अर्धा किलो कोळंबी आणली, कोळंबीची निम्मी पाण्यात गोठवली आणि गुरुवारी खिचडीत घातली. काहीही टाकावे लागले नाही. हिशेबी माणूस यांच्या २,००० रुपयांच्या आकड्याने यजमान इतके खूश झाले की त्यांनी तो फ्रीजवर लिहून चिकटवला आहे.

दोन शंका उरल्या. कोळंबीची डोकी आणि साले शेजाऱ्यांना वास न येऊ देता टाकावीत कशी? आणि पावसाळ्यात काय करावे? १ जूनपासून मासेमारी बंद होते.

राजमहाल_रोडच्या_काकू

डोकी टाकता कशाला? स्वच्छ धुऊन, थोडे परतून, पाण्यात पंधरा मिनिटे उकळून गाळून घ्या आणि त्यात आमसूल घालून सार करा. त्यानंतर जे उरेल ते पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरच्या कोपऱ्यात ठेवा आणि कचऱ्याची गाडी दाराशी आली की तेव्हाच बाहेर काढा. गोठलेल्या कचऱ्याला वास नसतो. माझ्या वरच्या मजल्यावर जैन कुटुंब आहे आणि आमचे कधी वाजले नाही. हातांना आणि विळीला लिंबू चोळावे, कारण माशाचा वास आंबटाने मरतो.

पावसाळ्यात बंदीच्या काळात, म्हणजे निदान ३१ जुलैपर्यंत, बाजारात पापलेट दिसले तर ते बहुधा शीतगृहातले असते. ते ताज्याच्या भावाने घेऊ नये. सुरत भागातल्या तळ्यांत वाढवलेली वनामी कोळंबी मात्र बंदीत अडत नाही, तीवर आमचे बरेच भागते. याच दिवसांत भरूचजवळ भाडभूतला नर्मदेच्या मुखाशी हिलसा चढतो. काटे अतोनात असतात, मुलांना देऊ नये, पण चवीला तोड नाही.

आणि सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी) व सुके बोंबील आताच, मे संपण्याआधी भरून ठेवा. सोडे घेताना मूठभर हातात घेऊन दाबावेत. ते एकमेकांना चिकटले तर ओलावा राहिलेला असतो आणि तुम्ही पाण्याचे पैसे देत असता. घरी आणल्यावर दोन कडक उन्हे द्यावीत आणि काचेच्या बरणीत भरावेत. गच्चीवर वाळत घालण्याआधी शेजारणीला सांगा, नाहीतर मांजरांचा बंदोबस्त करता करता जीव जाईल.